पिल्लू मलूल दिसलं तर दिवस मोजू नका, तास मोजा



वासरानं एक वेळ आचळाला तोंड लावलं नाही, की घरात लगेच विचारपूस सुरू होते. कान गार लागतात का, शेण पातळ आहे का, डोळे खोल गेलेत का, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्याच गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर पडलेलं कुत्र्याचं पिल्लू सकाळपासून उठलेलं नसतं, आणि त्याच्याकडे लक्ष जातं ते दिवेलागणीला. ‘ऊन लागलं असेल’, ‘जास्त खाल्लं असेल’, ‘बघू सकाळी’ असं म्हणत रात्र निघून जाते. पिल्लाच्या बाबतीत एक रात्र ही फार मोठी मुदत आहे.

याचं कारण सरळ आहे. दोन महिन्यांच्या गावठी पिल्लाचं वजन दोन-तीन किलो. त्याच्या अंगात पाण्याचा आणि साखरेचा साठा तो कितीसा असणार? मोठं कुत्रं दोन दिवस उपाशी राहून पुन्हा उभं राहतं. पिल्लाला मात्र सहा-आठ वेळा उलटी-जुलाब झाले, की डोळे खोल जातात, पाय गार पडतात, आणि मग दवाखान्यात नेऊनही सलाईनची सुई घालायला शीर सापडत नाही. म्हणून आज पिल्लाच्या दुखण्याची लक्षणं कशी ओळखायची आणि पहिल्या काही तासांत काय करायचं, हे जरा सविस्तर पाहू.

आपलं थेरगाव घ्या. पवनेच्या काठचं, केजुबाईच्या बंधाऱ्याजवळचं हे एके काळचं शेतीचं गाव. आज गावठाणाच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या आहेत आणि डांगे चौकात रस्ता ओलांडणं मुश्कील झालं आहे. तरी कुणाच्या दावणीला म्हैस आहे, कुणाची जमीन वर मावळात किंवा मुळशीत आहे, आणि राखणीला कुत्रं हे ठरलेलंच. फरक पडला तो एवढाच, की पूर्वी वाडीवरच्या पिल्लाची परक्या कुत्र्याशी गाठ क्वचित पडायची. आता मटणाच्या दुकानाबाहेर, कचऱ्याच्या ढिगावर मोकाट कुत्र्यांचे कळप असतात. कुत्र्यांचे काही रोग तर तुमच्या चपलेच्या तळव्याला लागून घरात येतात, पिल्लानं उंबरा ओलांडायचीही गरज नसते.

रोज दोन मिनिटं पाहण्याच्या गोष्टी

पिल्लाला भाकरी टाकताना ते धावत येतं का, हे पहिलं. पिल्लू खोडकर असतं, चपला पळवतं, शेपटीमागे फिरतं. ज्या दिवशी चपला जागेवर राहिल्या, त्या दिवशी शंका घ्यावी. खाणं सोडलेलं, कोपरा धरून बसलेलं, हाक मारली तर नुसती नजर वर करणारं पिल्लू आजारीच आहे असं धरून चालावं.

पिल्लू आपल्या ओळखीचं, नेहमीसारखं वागणारं असेल आणि फक्त मलूल असेल, तर ओठ हळूच वर उचलून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटानं दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. रंग यायला त्याहून वेळ लागला, किंवा हिरडी कोरडी, चिकट लागली, तर अंगातलं पाणी आटलं. हिरडी पांढुरकी असेल तर रक्त कमी झालं, म्हणजे जंत किंवा गोचीड. पिवळी असेल तर कावीळ. पिवळेपणाला हलकं समजू नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा रोग त्यामागे असू शकतो आणि तो माणसालाही होतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा.

मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. झटकन बसली तर ठीक. वळी तशीच उभी राहिली तर वाट पाहू नये. वासराला हगवण लागली की आपण हेच करतो, तीच परीक्षा इथेही लागू.

ताप पाहायचा तर काचेची किंवा बॅटरीवर चालणारी तापमापी गुदद्वारात जरा तेल लावून हळू धरावी, तोंडात नव्हे. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. १०३ च्या वर गेलं तर ताप. पण दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाचं अंग ९९ च्या खाली उतरलं, तर ते तापापेक्षाही वाईट. राहता राहिली नाकाची गोष्ट. नाक कोरडं म्हणजे आजारी, असं लोक म्हणतात. झोपेतून उठलेल्या, उन्हात बसलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडंच असतं. त्यावर भरवसा ठेवू नये.

रक्ताची हगवण

सगळ्यांत जास्त पिल्लं दगावतात ती या रोगानं. गावात याला कुणी ‘गॅस्ट्रो’ म्हणतं, डॉक्टर ‘पार्व्हो’ म्हणतात. हा फार जुना रोग नव्हे. १९७८ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन वर्षांत जगभर पसरला. म्हणून आपल्या आजोबांच्या औषधांत याच्यावर औषध सापडणार नाही, ते शोधत बसण्यात वेळ जातो एवढंच.

दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो गाठतो. पहिल्या दिवशी पिल्लू खात नाही, मलूल असतं. मग उलट्या, आधी खाल्लेलं अन्न, मग पांढरा किंवा पिवळा फेस. त्यानंतर जुलाब, पाण्यासारखे, पुढे रक्ताचे. त्याला एक विशिष्ट घाण वास येतो, एकदा आला की माणूस विसरत नाही. हा विषाणू आतड्याचं अस्तरच सोलून काढतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो. म्हणजे पाणी बाहेर जातं आणि जंतूंना आत यायला दार उघडं होतं. पिल्लू मरतं ते मुख्यतः पाणी आटून आणि रक्तात जंतू भिनून. विषाणूला मारणारं खात्रीचं औषध हाताशी नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि दुसऱ्या जंतूंसाठी प्रतिजैविक, यांवर पिल्लाला तीन-चार दिवस तगवून धरायचं असतं. ते दिवस निघाले तर बहुतेक पिल्लं उठतात. म्हणून पहिल्याच दिवशी नेण्याला एवढं महत्त्व.

दवाखाना गाठेपर्यंत घरी काय करावं? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावं. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी असेल तर उत्तमच. पिल्लू स्वतः गिळत असेल आणि उलटी थांबलेली असेल, तर दर दहा मिनिटांनी एक चमचा, गालाच्या कडेनं. एकदम वाटीभर पाजलं तर तेही बाहेर येतं. प्रत्येक चमच्याला उलटी होत असेल तर पाजणं बंद करून निघावं. आडवं पडलेल्या, मान टाकलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नये. जनावराला ढोस देताना ठसका लागून औषध फुप्फुसात जातं, ते आपल्याला माहीत आहे, इथेही तसंच होतं. अशा पिल्लाच्या हिरडीला बोटानं थोडं गुळाचं पाणी किंवा मध चोळावा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून अंगाशी ठेवावी आणि तडक दवाखान्यात न्यावं. दूध, डाळिंबाच्या सालीचा काढा, आपल्या घरातली जुलाबाची गोळी, यांतलं काही देऊ नये. अंगदुखीच्या गोळ्या तर अजिबात नकोत. ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्याला चालतं, पण त्यानं पिल्लाच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

हा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि नुसत्या फिनेलला दाद देत नाही. आधी विष्ठा खरवडून खोल पुरावी, मग फरशीवर ब्लीचिंग पावडरीचं पाणी, एक लिटरला एक मोठा चमचा पावडर, टाकून दहा-पंधरा मिनिटं राहू द्यावं आणि धुवावं. घाणीवरच ब्लीचिंग टाकलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो.

जंत आणि गोचीड

पोट नगाऱ्यासारखं, पाठीचा कणा वर आलेला, केस राठ, आणि खातंय तर भरपूर. हे जंताचं पिल्लू. कुत्रीच्या पोटात असतानाच गोल जंत पिल्लाला लागतात आणि दुधातूनही येतात. म्हणून ‘अजून मातीत खेळलंही नाही, जंत कुठून आले’ हा प्रश्नच नाही. दोन आठवड्यांच्या वयाला पहिला जंताचा डोस, मग तीन महिने होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिने होईपर्यंत महिन्यातून एकदा. कुत्रीलाही त्याच वेळी द्यावा. डोस वजनावर ठरतो, म्हणून पिल्लू पिशवीत घालून काट्यावर तोलावं आणि मग डॉक्टरांना विचारावं. म्हशीच्या जंताच्या औषधातला ‘थोडासा’ द्यायची सवय काही घरांत असते. त्या ‘थोडासा’ला माप नसतं आणि पिल्लू झटके देऊन मरतं. हे जंत मुलांनाही लागतात, तेव्हा अंगणात पडलेली विष्ठा रोज उचलावी.

गोचीड ताप आपल्याला संकरित गाईमुळे ठाऊक आहे. कुत्र्याचा गोचीड ताप वेगळ्या जंतूंचा, पण चाल तशीच: ताप, पांढऱ्या हिरड्या, कधी नाकातून रक्त. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. पिकावर मारायचं औषध पिल्लाच्या अंगावर मारू नये. आणि आपल्या पट्ट्यातला एक खास उपाय, तो म्हणजे खरजेवर कारखान्यातलं जळकं ऑईल फासणं. भोसरी-चाकणला कामाला जाणारं कुणी ना कुणी घरात असतंच, डबा भरून ऑईल येतं, आणि पिल्लू काळं कुळकुळीत होऊन उन्हात पडतं. ते अंग चाटतं, ऑईल पोटात जातं, कातडी भाजते. खरूज एकवेळ बरी होते, ऑईलनं गेलेलं पिल्लू परत येत नाही. खरजेवर साधी, स्वस्त औषधं दवाखान्यात मिळतात.

तोंडाला फेस, अंगाला झटके

इथे फार सावध राहायचं आहे, कारण तीन निरनिराळी दुखणी वरवर एकसारखी दिसतात.

पहिलं म्हणजे विषबाधा. आपण शेतकरी, घरात कीटकनाशक असतंच. लाळ गळणं, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, जुलाब, हे सगळं तास-दोन तासांत आलं, तर फवारणीच्या औषधाचा संशय घ्यावा. डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावं, यावर उतारा असतो. उंदराचं काळं औषध, म्हणजे झिंक फॉस्फाईड पोटात गेलं असेल, तर दूध-भाकरी काही देऊ नका. अन्नानं पोटातलं आम्ल वाढून विषारी वायू जास्त सुटतो. उलटी झाली तर उघड्यावर होऊ द्यावी, वास घेत बसू नये. उंदराच्या वड्यांचं विष मात्र कावेबाज. तीन ते पाच दिवस काही दिसत नाही, मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. वडी खाल्ल्याचं दिसलं तर पिल्लू खेळतंय म्हणून गप्प बसू नये, त्याच दिवशी न्यावं.

दुसरं डिस्टेंपर. आधी ताप, डोळ्या-नाकातून घट्ट पू, खोकला. मध्ये बरं वाटतं, आणि काही आठवड्यांनी जबडा चघळल्यासारखा हलू लागतो, एखादा पाय सारखा उडतो, झटके येतात. माणसाच्या गोवराच्या विषाणूचा हा चुलतभाऊ, पण माणसाला होत नाही. झटके सुरू झाल्यावर वाचणं कठीण.

तिसरं म्हणजे पिसाळ, रेबीज. आणि इथे खरी अडचण आहे. ‘एवढंसं पिल्लू काय पिसाळणार’ या समजानं माणसं जातात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लालाही पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून हा रोग होतो. ते अंगावर धावून येईलच असं नाही. कित्येकदा ते मुकाट होतं, अंधारात बसतं, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलं. आणि घरातला जाणता माणूस हाड काढायला तोंडात हात घालतो. गुराचंही असंच होतं. घशात काही अडकलंय म्हणून आपण हात घालतो आणि ते पिसाळलेलं निघतं. लाळ गळणाऱ्या, वागणं बदललेल्या कोणत्याही जनावराच्या तोंडात हात घालू नये, हिरड्या पाहायलासुद्धा नाही. पिल्लू टोपलीखाली किंवा बंद खोलीत ठेवावं, मुलांना लांब ठेवावं, डॉक्टरांना बोलवावं.

पिल्लाचा दात किंवा नख लागलं, किंवा जखमेवर, ओठाला, डोळ्याला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं (डोळा मात्र नुसत्या पाण्यानं) पंधरा मिनिटं धुवावं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हा उपाय फुकटचा म्हणून हलका समजू नये, विषाणू धुऊन काढणारं ते पहिलं औषध आहे. हळद, चुना, मिरचीपूड, जळतं निखारं काही लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये. मग त्याच दिवशी लस. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात ती मिळते, थेरगावातही महापालिकेचं रुग्णालय आहे. खेड्यावर असाल तर ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. रक्त आलं असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल, तर लशीबरोबर जखमेत सीरमही लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारावं.

जुन्या मंडळींच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शनं अजून बसली आहेत आणि त्या धास्तीनं मुलं चावा लपवतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती, आपल्या देशात २००५ च्या सुमारास ती बंद झाली. आता लस दंडावर, कातडीत किंवा स्नायूत देतात. कातडीतल्या लशीचे दिवस असे: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. मुलांना हे घरी सांगून ठेवा आणि चावल्याचं सांगितलं म्हणून रागावू नका.

चावणारं पिल्लू दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवतात. ते पिसाळलेलं असेल तर या मुदतीत त्याची लक्षणं दिसतात आणि ते मरतं. पण आपली लस दहा दिवस थांबवायची नाही, ती आधी सुरू करायची. पिल्लू त्या काळात मेलं किंवा पळालं तर डॉक्टरांना लगेच कळवावं. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. नमुना मात्र पशुवैद्यानंच काढायचा, आपण नव्हे. एकदा माणसाला पाण्याची भीती सुरू झाली, की मग उपाय उरत नाही.

लस किती वेळा, आणि का

‘एकदा टोचलं होतं की, तरी मेलं’ अशी तक्रार ऐकू येते. त्याचं उत्तर चिकात आहे. वासराला चिकातून मिळते तशी पिल्लालाही आईच्या पहिल्या दुधातून रोगाशी लढण्याची शक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत लस लागू पडत नाही, आणि ती ओसरली की रोग शिरतो. कोणत्या पिल्लात ती कोणत्या आठवड्यात ओसरेल ते सांगता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. पार्व्हो आणि डिस्टेंपर दोन्ही एकाच सुईत येतात. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. लस टोचून घेतल्याचा कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावा. आणि लस बर्फात ठेवलेली असेल तरच घ्यावी. खिशातून काढलेल्या बाटलीचं पाणी झालेलं असतं.

गावात पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोनवर पिल्लाचं वय, शेवटचं कधी खाल्लं, उलट्या-जुलाब किती वेळा आणि कुणाला चावलं आहे का, एवढं नीट सांगितलं की पुढचं काम सोपं होतं.

इतकं करूनही पिल्लू गेलं, तर ते पवनेच्या पात्रात किंवा रस्त्याकडेच्या ढिगावर टाकू नये. विहिरीपासून लांब, कंबरभर खड्डा घेऊन, वर चुना टाकून पुरावं. शहरी वस्तीत महापालिकेला कळवावं. पोतं, दोरी, खाण्याचं भांडं जाळावं किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात भिजत घालावं. पार्व्होनं पिल्लू गेलं असेल तर त्या अंगणात वर्षभर तरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नये. राखणीला कुत्रं हवंच असेल, तर लशी पूर्ण झालेलं, सहा महिन्यांच्या वरचं आणावं.